एकोणीस ओळींखालचा कागद

यंदाही कूलरच्या ताट्यांवर हंगामातले पहिले पाणी सोडले आणि ओल्या वाळ्याचा वास टिनाच्या शेडभर पसरला. इतरांस त्या वासाने गारवा वाटत असेल. माझ्या कपाळाला मात्र त्याने आठी पडते. हा वास म्हणजे दाखल्यांचा हंगाम. बारावीचा निकाल लागतो, त्यामागून दहावीचा, आणि तेल्हाऱ्याच्या तहसील कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली उत्पन्न, रहिवास, जात, वय असे नाना दाखले मागणारी माणसे ऊन चढण्याआधी येऊन बसतात. मी येथे अर्जनवीस आहे. शिक्षण विचाराल तर दहावी, तीही गणिताने अडवलेली. परंतु ज्यांना गणिताने अडवले नाही अशा पुष्कळांचे अर्ज माझ्या हातून गेले आहेत, ही वस्तुस्थिती नमूद करणे भाग आहे.

या हंगामात माणसाला माणसाचा वीट येतो. अर्ज छापून झाल्यावर एखाद्याला वडिलांचे खरे नाव आठवते. कोणी फोटोला इतका डिंक लावतो की त्याच्या अर्जाला शेजारच्याचा अर्ज चिकटून येतो. कोणी म्हणतो, "लिवा ना काहीबी, तुमाले तं सारं मालूम आहे." एकाचा मजकूर मी टंकित करीत असता दुसरा माझ्या कानाशी स्वतःचे गाव सांगू लागतो, आणि मग पहिल्याच्या नावापुढे दुसऱ्याचे गाव पडते. तो दोष कोणाचा? माझाच ठरतो. लिहिणाऱ्याने दोघांना एका वेळी कान देऊ नये, हे मी रोज स्वतःस बजावतो आणि रोज विसरतो.

मी हा व्यवसाय अकोल्यास, कोर्टाच्या आवारात शिकलो. माझ्या गुरूंना सारे बाबूजी म्हणत. कागद हातात घेतला की ते प्रथम त्याचा तळ पाहत. मजकूर संपला आणि खाली चार बोटे कोरी जागा उरली की त्यांचा जीव खालीवर होई. त्या जागेत उद्या कोणी काय घुसडील याचा भरवसा नाही, असे ते म्हणत, आणि एक तर पान भरेपर्यंत लिहीत किंवा कोऱ्या जागेवर तिरपी रेघ ओढून ती रद्द करीत. मी त्यातला पहिला मार्ग पत्करला. माझ्या कागदावर चाळीस ओळी बसतात, आणि माझा अर्ज चाळीस ओळींचाच असतो. मजकूर थोडका असला तरी "विनंती अशी की", "सबब", "तरी मेहेरबान साहेबांनी" यांच्या आधाराने तो चाळिसाव्या ओळीपर्यंत नेणे हे कसब आहे. ते मला साधले होते, आणि त्याचा मला अभिमान होता. रेघ ओढण्याची वेळ आपल्यावर येत नाही, असे मी चारचौघांत सांगत असे.

माझ्याजवळ टाचण्यांच्या टोकांनी रिबिनीवर ठोके देऊन छापणारा जुना प्रिंटर आहे. त्याचा आवाज कर्कश आहे हे मला मान्य आहे. परंतु तो कार्बन घालून एका दमात चार प्रती काढतो. तीन अर्जदाराच्या, चौथी माझ्या फायलीतली स्थळप्रत. चार वर्षांपूर्वी संगणक बदलला आणि नव्या संगणकाने या प्रिंटरला ओळखच दाखविली नाही. शेजारच्या शेडमध्ये रशीदभाई बसतात. पूर्वी ते टाइपरायटर दुरुस्त करीत, आता कूलरच्या मोटारी बांधतात. त्यांची मुलगी सायमा तेव्हा अमरावतीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. सुटीत घरी आली असता तिने माझा वैताग ऐकला आणि म्हणाली, "काका, ड्रायव्हर नाई त्याचा या संगणकात. मी लिवून पाहू का?"

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मी तिच्याकडून समजून घेतले. संगणकाला प्रिंटरची भाषा येत नाही; दोघांच्या मधे बसून एकाचे म्हणणे दुसऱ्याला कळेल अशा नमुन्यात मांडणारा जो कार्यक्रम, तो ड्रायव्हर. मी म्हटले, "म्हणजे अर्जनवीसच." ती हसली, पण नाही म्हणाली नाही. मजकूर छापून होईपर्यंत थांबतो ती संगणकाच्या स्मृतीतली तात्पुरती जागा, तिला बफर म्हणतात. मजकूर केवढा आहे ते मोजूनच त्या जागेत घालावा. प्रिंटर वाचत असेपर्यंत तिला कोणी हात लावू नये. काम झाले की ती परत करावी, आणि एकदा परत केल्यावर पुन्हा तिच्यात डोकावू नये, कारण तोवर ती दुसऱ्या कोणाला दिलेली असते. मला यात नवे काही दिसले नाही. परक्याचा कागद हाताळण्याचे नियम याहून वेगळे असतात थोडेच?

पहिल्याच हंगामात त्या ड्रायव्हरने मला रडवले. एका शिक्षकांचा अर्ज माझ्या हातून बेचाळीस ओळींचा झाला. जागा चाळिसांची. जादा दोन ओळी बाहेर सांडल्या आणि लगतच्या जागेत जाऊन पडल्या, जेथे किती प्रती काढायच्या तो आकडा ठेवलेला असतो. मग प्रिंटर थांबेना. कागदाची अखंड पट्टी शेडबाहेर, तेथून कडुनिंबाखाली, तेथून रशीदभाईंच्या मोटारींवर. शेवटी त्यांनी येऊन वायर उपटली आणि म्हणाले, "नानाभाऊ, मास्तरचा अर्ज हाय का वाढदिवसाचा मंडप?" लोक हसले. मला हसू आले नाही. सायमाने चाळिसाच्या वर एकही ओळ आत शिरणार नाही असा पहारा बसविला आणि मला विचारले, "काका, चाळीसपेक्षा कमी ओळी कधी राहाते का?" मी म्हणालो, "माझ्या अर्जात? कदापि नाही."

हे वाक्य मला आजही टोचते.

जास्तीची धास्ती सर्वांना असते. भरलेली बादली डचमळली की धावत जाणारे शंभर. अर्धीच भरलेल्या बादलीच्या तळाशी काल काय होते, हे विचारणारा कोणी नसतो. त्या पोरीनेही विचारले नाही, आणि मीही नाही.

दोन वर्षांपूर्वीचा तो हंगाम होता. शुक्रवारचा दिवस. शाळेत खिचडी शिजविणाऱ्या एक बाई आपल्या विवाहित मुलीला घेऊन गर्दीतून माझ्यासमोर येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, कोनी विचारलं तं उत्पन्नाचा दाखला म्हना." मुलीचे नाव रेखा. सासर हिवरखेडला. त्या उन्हाच्या आगीत तिने मनगटापर्यंत पदर ओढून घेतला होता, आणि का ते मी विचारले नाही. अर्ज घरच्या छळाची प्रकरणे पाहणाऱ्या अकोल्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या नावे होता. तिला सासर सोडायचे होते. सोमवारी सकाळी सातच्या गाडीने हिवरखेडहून अकोट, तेथून अमरावती, मावशीकडे. अकोटच्या स्टँडवर कोणी सोबतीला उभे राहावे, एवढीच मागणी.

"गाडी लिवाच लागते का, काका?" तिने विचारले.

"जो सोबत करणार त्याला वेळ कळायला हवी."

"मंग लिवा. पन घरी कोनाले समजलं तं मी राहात नाई."

त्या अर्जाला मला एकही ओळ माझी घालावी लागली नाही. चाळीसच्या चाळीस ओळी तिच्या स्वतःच्या होत्या, आणि जाण्याचा दिवस, गाडी, मावशीचा पत्ता, तिचे नाव हे सारे खालच्या अर्ध्यात होते. आईने तिन्ही प्रती पिशवीत घातल्या आणि त्याच पावली अकोल्याची गाडी धरली; रेखा हिवरखेडला परतली.

त्यांच्यामागे रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, भगवानजी, हिवरखेडचेच, शिवणकाम करणारे. गळ्यात टेप, चष्म्याची एक काडी तुटलेली. नातीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. मी पहिल्या सहा ओळी लिहीपर्यंत ते शांत होते.

"येवढी पोथी कायले?" ते म्हणाले. "नातीचं नाव, माहं नाव, कमाई काय ते, अन् दाखला द्या. बस."

"अर्जाला भारदस्तपणा लागतो, भगवानजी."

"पायजम्याले जितकं कापड लागते तितकंच मी घेतो. तुमी काहून थान फाडून राहिले?"

रांग खदखदून हसली. मला राग आला. मी एकोणीस ओळींत त्यांचा अर्ज संपविला, छापण्याची कळ दाबली, आणि बाहेर आलेला कागद न पाहता टरकावून त्यांच्या हातात दिला. इतका आखूड अर्ज वाचून पाहणे मला कमीपणाचे वाटले, हे आता लिहितानाही शरम वाटते. "सही करा," मी म्हणालो.

"आता नाई. काडी बांधतो, घरी वाचतो, मंग सही. सोमवारी आनून देतो." कागदांची घडी खिशात ठेवून ते गेले. मी मनात म्हटले, वाचता येत नसावे, म्हणून चष्म्याचे निमित्त.

चार वाजता वीज गेली. कूलर थांबला आणि टिनाने साठविलेले सारे ऊन एकदम खाली उतरले. मी स्थळप्रती लावीत बसलो होतो. भगवानजींच्या अर्जाची प्रत हातात आली. एकोणिसाव्या ओळीवर "अर्जदार". विसाव्या ओळीपासून पुढे, फिकट कार्बनमध्ये: "सोमवार रोजी सकाळी सात वाजताच्या गाडीने". त्याखाली अमरावतीचा पत्ता. अगदी तळाशी रेखाचे नाव.

मी ते तीनदा वाचले. मग दोन्ही अर्जांवरचे पत्ते शेजारी ठेवून पाहिले. गल्ली एकच होती.

सायमा एव्हाना पुण्यात नोकरीला लागली होती, ड्रायव्हरच लिहीत असे, आणि बकरी ईदसाठी घरी आलेली होती. मी प्रत घेऊन शेजारच्या शेडमध्ये गेलो आणि ओरडलो, "तुझ्या या ड्रायव्हरने माझे नाव बुडविले!"

"आवाज नीचे, नानाभाऊ," रशीदभाई म्हणाले. "पोट्टीले पाहू तं द्या."

तिने कागद एकदाच पाहिला आणि चहाची कपबशी खाली ठेवली. "काका, वरचा अर्ज किती ओळींचा?"

"एकोणीस."

"तुमी तं म्हनले होते, चाळीसच राहाते."

"होय, म्हणालो होतो."

"अन् मी मानलं." तिने विसाव्या ओळीवर बोट ठेवले. "हे माह्यावरच आहे, काका. वापरनारा सांगते त्याच्यावर ड्रायव्हरनं भरोसा ठेवाचाच नसते, मोजाचं असते. पह्यले मी दर वेळी जागा पुसून घेत होते. मंग वाटलं, पूर्ण भरतेच तं पुसाचं कायले? तेवढं काढून टाकलं."

"पुसले नाही तर काय बिघडते?"

"काहीच बिघडत नाई, तेच तं वाईट आहे. मागच्याचं तसंच पडून राहाते. कोनी कमी लिवलं का त्याच्या खाली मागच्याचं उरलेलं निघते. चाळीसवाले चाळीस येत गेले, दिसलंच नाई." मग तिने मान वर केली. "पन तुमी कागद वाचून नाई दिला का?"

मी म्हणालो, "तो कागद हिवरखेडला गेला आहे, तिच्या सासरच्याच गल्लीत." रशीदभाईंनी स्कूटरची किल्ली उचलली.

हिवरखेडचा रस्ता त्या दिवशी संपता संपत नव्हता. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी ढेकळे, वर पांढरे ऊन, आणि तोंडावर भट्टीसारखा वारा. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता: काडी बांधायला किती वेळ लागतो?

भगवानजी घराच्या दारात मशीन मांडून बसले होते. लगतच्या ओट्यावर एक धिप्पाड गृहस्थ पंख्याने वारा घेत बसले होते. रशीदभाईंनी त्यांना विचारले, "काय पाटील, पानी कधी?" आणि त्यांच्या बोलण्यात सून रेखा हे नाव आले तेव्हा मला कळले की हाच तिचा सासरा. कागद द्या, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

भगवानजींनी माझ्याकडे पाहिले. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"कुरत्याचं माप द्याले आले का, रायटरसाहेब?" ते मोठ्याने म्हणाले. "या आत."

आत गेल्याबरोबर त्यांनी टेप माझ्या छातीभोवती टाकला. "छाती अडतीस!" हे बाहेरच्यासाठी. मग हळू, "कागदासाठी आले ना?"

"खाली जे आले होते..."

"ते माहं नव्हतं. कापलं अन् चुलीत घातलं." फळीवरून त्यांनी तीन कागद काढले. तिन्ही "अर्जदार" या शब्दाखाली, सहीपुरती जागा ठेवून, कात्रीने सरळ कापलेले. धागाभरही वाकडे नाही.

"वाचलेत?"

"अर्धं वाचलं तवा समजलं का आपलं नाई. मंग पुरं वाचलं. खोटं कायले बोलू?" आणि मोठ्याने, "हात वर करा! बाही तेवीस!" माझा हात वर धरूनच ते कानाशी आले. "सासऱ्यानं पायजमा टाकला माह्याकडे. इतवारी पाहिजे म्हने. सोमवारी सातच्या गाडीनं अकोटले लग्नाले चालला, घरी अजून बोलला नसन. पोट्टीले म्हना, ते गाडी नोको."

मी हात खाली केला. निघताना विचारले, "आणि कुरता?"

"माप घेतलं तं शिवाच लागन. लोक पाहून राहिले."

रात्र पडण्याआधी मी तिच्या आईच्या दारात होतो. त्यांनी फोनवर मुलीला एवढेच सांगितले की माझी तब्येत बरी नाही, उद्याच ये. रेखा शनिवारी दुपारी तेल्हाऱ्याला आली आणि रविवारी पहाटे आईबरोबर अमरावतीस गेली. अकोटला कोणाला उभे राहण्याचे काम पडले नाही.

ही हकीकत मी ज्यांना नावेगावे गाळून सांगितली ते म्हणतात, पहा, चूक झाली म्हणून पोर वाचली. या बोलण्याने माझे डोके फिरते. कागद शिंप्याच्या दारी पडला. एक दार पलीकडे पडला असता तर? सायमाही त्या संध्याकाळी हेच म्हणाली, "वाचली म्हनून बरोबर होतं असं होत नाई, काका." तिने तेव्हाच ड्रायव्हर दुरुस्त केला. आता तो दर अर्जाआधी जागा पुसतो, आलेल्या ओळी स्वतः मोजतो, तितक्याच छापतो, आणि छापून झाल्यावर जागा परत करण्यापूर्वी पुन्हा पुसतो. मला विचारीत नाही. माझ्या शब्दावर तो विश्वास ठेवीत नाही, याचा मला प्रथम अपमान वाटला. आता त्या एकाच गोष्टीचा आधार वाटतो.

पण अशी यंत्रे आता घरोघर आहेत. बोटाचा ठसा घेणारी, डोळा टिपणारी, चेहरा ओळखणारी. आणि प्रत्येकाच्या मधे कोणीतरी न दिसणारा अर्जनवीस बसलेला आहे. माणसे विश्वासाने त्याच्या हाती स्वतःचे सर्वस्व देतात. त्याने मागच्याचे पुसले का? मोजले का? की "पूर्ण भरतेच तं" म्हणून हात झटकले? सायमा म्हणते, पुसायला लागतो तो वेळ डोळ्यांची पापणी लवण्याइतकाही नसतो. तरीही लोक तो वाचवितात! मी तिला म्हटले, बाबूजींची तिरपी रेघ ओढायलाही तेवढाच वेळ लागतो, आणि ती मी वीस वर्षे ओढली नव्हती.

चाळीस ओळींचा हट्ट मी सोडला आहे. सोपे गेले नाही. आखूड अर्ज अजूनही मला उघडानागडा वाटतो, आणि हंगामाच्या गर्दीत बोटे आपोआप "सबब"कडे वळतात.

आज सकाळी वाळ्याच्या त्या वासात, रांगेतून एक बाई पुढे आली. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी ओळखले नाही. मागे तिची आई दिसली तेव्हा ओळखले. रेखाला अमरावतीत नर्सिंगला प्रवेश घ्यायचा आहे आणि जन्मगाव येथले असल्यामुळे रहिवासाचा दाखला येथून हवा. "काका, थोडक्यात लिवा," ती म्हणाली, आणि माझ्या अंगावरच्या कुरत्याकडे पाहून तिची आई उगाच हसली.

सोळा ओळी झाल्या. प्रिंटर खडखडला आणि थांबला. मी कागद काढला, वरून वाचला, "अर्जदार" या शब्दापर्यंत आलो, आणि तेथे थांबलो नाही. खालच्या चोवीस ओळींच्या जागेवरून बोट फिरवीत तळापर्यंत गेलो. मग पुन्हा वर येऊन पुन्हा तळापर्यंत. मागची रांग कुरकुरू लागली. मी पेन उघडून त्या जागेवर तिरपी रेघ ओढली.

"काका, तिथं तं काहीच नाई," रेखा म्हणाली.

"तेच वाचून राहिलो," मी म्हणालो.